घसारा आणि गिअरबॉक्स

आमच्या मेव्हण्याला माझ्याबद्दल काडीचाही आदर नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाने आदराची अपेक्षा ठेवूच नये. त्याने स्लिपच्या मागे सही आहे की नाही एवढं पाहावं आणि गप्प बसावं. पण गेल्या दिवाळीत हा गृहस्थ पुण्याहून वडनेरला आला, अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली, बुटाच्या टोकाने टायरला हलकेच ठोसलं आणि म्हणाला, "भाऊजी, किती दिवस हे लोढणं गळ्यात बांधून फिरणार? स्क्रॅपला द्या आणि मोकळे व्हा!"

लोढणं! माझ्या पद्मिनीला लोढणं! पण मी काही बोललो नाही. बायकोचा भाऊ म्हणजे घरचा ऑडिटर. त्याला चहा द्यावा लागतो, चिवडा-चकली द्यावी लागते आणि तो काढील ती हरकत 'नोंद घेतली आहे' एवढं म्हणून सोसावी लागते. शिवाय मुख्य कार्यालय स्वयंपाकघरातच बसलेलं होतं आणि त्याचे कान आमच्याकडेच होते. म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. आज मात्र बोलणार आहे. हा लेख त्या मेव्हण्याविरुद्ध आहे आणि त्याच्या निमित्ताने सबंध 'फेकून द्या' पंथाविरुद्ध आहे. ज्यांना बिघाड म्हटला की बिल दिसतं आणि आवाज म्हटला की शोरूम दिसतं, अशा तमाम सज्जनांनी हे वाचून माझ्यावर रागवायला हरकत नाही.

आधी गाडीची ओळख करून देतो. प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालचं मॉडेल, रंग एके काळी पांढरा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी ही गाडी १९९० साली हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून सेकंडहँड घेतली, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मास्तरने मोटार घेतली म्हणजे नक्की ट्यूशनमध्ये पैसा आहे, अशी गावात चर्चा झाली. प्रत्यक्षात ते कर्ज होतं आणि ते फिटेपर्यंत आमच्या घरी दर महिन्याला पंचवीस तारखेनंतर फक्त वरण-भात होत असे. तात्पर्य, ही गाडी आम्ही नुसती विकत घेतलेली नाही. ती आम्ही अक्षरशः खाल्लेली आहे.

आता पद्मिनी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना. इटलीच्या फियाटची अकराशे तिथे तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिचं बारसं करून चितोडच्या राणीचं नाव ठेवण्यात आलं: पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, गिअर चार, आणि गिअरचा दांडा खाली पायाशी नव्हे तर स्टिअरिंगच्या मानेला. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे लग्नसराईत तिच्यावर किती माणसं बसली हे आरटीओला कळू नये अशीच व्यवस्था होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून, रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी मोठमोठे फोटो छापले, लोकांनी डोळे पुसले. आमच्या मेव्हण्यानेही तो फोटो 'एका युगाचा अंत' अशी ओळ घालून पुढे पाठवला होता. माणूस दुसऱ्याच्या पद्मिनीसाठी रडतो आणि भाऊजींच्या पद्मिनीला लोढणं म्हणतो!

आता मुद्द्याचं बोलू. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. 'फेकून द्या' पंथाचा मूळ ग्रंथ आमच्याच शाखेत शिकवतात आणि त्याचं नाव घसारा. वस्तू घेतली की पहिल्या दिवसापासून तिची किंमत कमी होऊ लागते, हे त्यातलं तत्त्व. मोटारीला आयकराच्या हिशेबात घटत्या शिल्लक पद्धतीने दर वर्षी १५ टक्के घसारा. म्हणजे एक लाखाची गाडी पहिल्या वर्षाअखेर ८५ हजारांची, दुसऱ्या वर्षाअखेर ७२,२५०ची, आणि चाळीस वर्षांनी, मी गणकयंत्रावर दोनदा करून पाहिलं आहे, साधारण १५० रुपयांची. दीडशे रुपये! वडनेरच्या स्टँडवर चौघांचा समोसा-चहा जेमतेम होतो तेवढ्यात.

पण या पद्धतीत एक गंमत आहे आणि ती मला कॉलेजात कुणी सांगितली नाही. घटत्या शिल्लक पद्धतीने किंमत कधीच शून्य होत नाही. हजार वर्षं घसारा काढा, काहीतरी अंश शिल्लक राहतोच. पुस्तकसुद्धा कबूल करतं की वस्तूत अजून जीव आहे. फक्त मेव्हणा कबूल करत नाही.

आणि पुस्तकाला एक गोष्ट ठाऊकच नसते. ती म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती ही नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला पडते, एवढंच पुस्तक सांगतं. पण ती केल्यामुळे गाडी पुन्हा तरुण झाली, तिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मिळालं, ही नोंद करायला पुस्तकात रकानाच नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही ती आमच्या बँकेतही अस्तित्वात नसते.

ही सगळी लढाई पेटली ती गिअरबॉक्सवरून. दिवाळीच्या आधी दोन महिने गाडी रुसली होती. दुसरा गिअर टाकताना 'कर्रर्र' असा आवाज. तिसरा टाकताना त्याहून मोठा. रिव्हर्स टाकला की जात्यात खडे पडल्यासारखं. आणि अधूनमधून दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी असा अडकायचा की चौकात गाडी उभी करून, बॉनेट उघडून, हाताने खालचा लिव्हर हलवून यावं लागायचं. मागून ट्रकवाला हॉर्न देतो आहे आणि बँकेचा लिपिक बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आहे, हे दृश्य वडनेरकरांना सवयीचं झालं होतं. एक खातेदार तर काउंटरवर पासबुक सरकवून म्हणाला, "साहेब, आज चौकात दिसले नाही तुमी? तब्येत बरी हाये ना?"

मी रजा टाकली आणि गाडी नागपूरला एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. नाव सांगत नाही. तिथे फरशी अशी की आमच्या शाखेत नाही, आणि एसी असा की आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही. टाय बांधलेल्या एका तरुणाने गाडी पाहिली. पाहिली म्हणजे खरोखर नुसती पाहिली. झाकण उघडलं नाही, तेलाचा बूच खोलला नाही, क्लच दाबून पाहिला नाही. कीबोर्डवर काहीतरी बडवलं आणि म्हणाला, "सर, गिअरबॉक्स गेला. नवीन मिळणार नाही. जुन्या बाजारातून अख्खी असेंब्ली शोधून बसवावी लागेल. पंचेचाळीस हजार धरा. त्यापेक्षा सर, एक्स्चेंजमध्ये...", आणि त्याने माझ्यासमोर एक रंगीत पुस्तिका सरकवली. चोपन्न सेकंदांत रोग, निदान, मृत्यू आणि पुनर्विवाह! मी घड्याळ लावलं होतं. बँकेत राहून एवढी एक सवय लागते.

तिथून निघालो ते थेट उस्तादांकडे. उस्ताद म्हणजे हायवेला लागून असलेल्या टिनाच्या शेडमधले आमचे मिस्त्री. वय पासष्टीच्या पुढे. त्यांच्या शेडवर पाटी नाही, कारण ज्याला पाटी वाचून यावं लागतं तो त्यांच्याकडे येतच नाही. या रस्त्याला पूर्वी सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, तेव्हा तो वाराणसीहून कन्याकुमारीला जायचा. आता तो चव्वेचाळीस नंबरचा आहे आणि श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो. रस्त्याला बढती मिळाली. उस्तादांचं आणि माझं पद होतं तेच राहिलं.

उस्तादांनी आधी मला बाजूला बसवलं आणि स्वतः चाक धरलं. हायवेपर्यंत एक चक्कर मारली, परत आले, बिडी शिलगावली आणि म्हणाले, "गिअरबॉक्स गेला कोन म्हने?"

मी नागपूरचं नाव सांगितलं.

"त्यानं उघडून पाह्यला?"

"नाही."

"मंग त्याले सपनात दिसला का?"

नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं देतो, कारण ते गाडीलाच नव्हे तर पुष्कळ गोष्टींना लागू पडतं. "पाहा साहेब, पह्यले तेल पाहाचं. मंग क्लच. मंग बाहेरची दांडी अन् बुश. हे सगळं झालं अन् तरी आवाज आला, तर डब्बा उघडाचा. डब्बा सगळ्यात शेवटी. पोट दुखलं म्हनून कोनी लगेच पोट फाडते का?"

म्हणजे खर्चाच्या चढत्या क्रमाने तपासत जायचं. हे तत्त्व मी बी.कॉम.ची तीन वर्षं आणि बँकेची वीस वर्षं घालवून कुठेही शिकलो नव्हतो. बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा म्हणून जो बिघाड सांगतात, तो गिअरबॉक्सच्या बाहेर असतो, हे त्यातलं सार.

तेलाचा बूच काढला. उस्तादांनी तेल बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, उन्हात धरलं. "कनी नाही. चुरा नाही. नुसतं राखेसारखं पीठ हाये, ते चालते. तुकडे पडले असते तर मीच म्हनलं असतं, डब्बा उघडा." मग वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तेल कोनं टाकलं?"

मी. मीच टाकलं होतं. सहा महिन्यांपूर्वी. दुकानात दोन डबे होते, दोन्हींवर नव्वद नंबर. पण एकावर जीएल-४ आणि दुसऱ्यावर जीएल-५. मी वाणिज्याचा पदवीधर! पाच म्हणजे चारपेक्षा एकाने जास्त, शिवाय महाग; तेव्हा पाच चांगलं, असा सरळ हिशेब करून पाच नंबर घेऊन आलो होतो.

हे प्रकरण जरा समजावून सांगतो, कारण असा हिशेब करणारा मी एकटाच नसणार. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या जातीच्या धातूच्या कड्या असतात, त्यांना सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. तुम्ही गिअर टाकता तेव्हा दोन चक्रं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ही कडी एका चक्राच्या उतरत्या कडेला घट्ट घासते, त्याचा वेग दुसऱ्याच्या बरोबरीला आणते आणि मगच दात दातात जातात. आमच्या शाखेच्या दारावरचा शिपाई हेच करतो. चिडलेला खातेदार आला की त्याला आधी खुर्ची देतो, पाणी देतो, "साहेब बोलावतात" म्हणून दोन मिनिटं थोपवतो, आणि त्याचा वेग मॅनेजरच्या वेगाशी जुळला की मगच केबिनचं दार उघडतो. शिपाई रजेवर असला की केबिनमधून 'कर्रर्र' असा आवाज येतो.

तर ही कडी घासली पाहिजे. तिचं कामच घासण्याचं आहे. पाच नंबरचं तेल मुळात मागच्या धुऱ्यातल्या डिफरन्शिअलसाठी बनवलेलं. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. तेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये घातलं की कडी घासायची सोडून घसरते, आणि कालांतराने ती द्रव्यं पितळेलाही खाऊ शकतात. म्हणजे मी माझ्या शिपायाला इतकं लोणी लावलं होतं की येणारा प्रत्येक जण त्याच्या हातातून निसटून थेट केबिनमध्ये आदळत होता!

"गाडीले काही नाही झालं," उस्ताद म्हणाले, "तुमीच तिले दुसऱ्याचं औषध पाजलं."

मग क्लच. पेडलची मोकळी चाल फार वाढली होती, त्यामुळे पाय शेवटपर्यंत दाबला तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता. रिव्हर्समधले खडे ते हे. एक नट, दहा मिनिटं. मग बाहेरची दांडी. स्टिअरिंगवरचा दांडा आणि खालचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया आणि सांधे असतात, त्या सांध्यांत बुश असतात. ते झिजले की वर तुम्ही दुसरा गिअर मागता आणि खाली निरोप पोचतो भलताच. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रक शाखेत पोचेपर्यंत हेच होतं. बुश बाजारात मिळाले नाहीत, तेव्हा उस्तादांनी नायलॉनच्या जाड दांड्यातून ते खरादावर कातून घेतले. तेल, बुश, खराद आणि मजुरी मिळून एकूण बिल: २,६४० रुपये. पंचेचाळीस हजारांतून ते वजा करा आणि मला सांगा, लोढणं कोण? गाडी की सल्ला?

एवढं सगळं मी दिवाळीत मेव्हण्याला ऐकवलं असतं. पण त्याने मला बोलूच दिलं नाही. तो त्याच्या नव्या गाडीबद्दल सांगत होता. तिचा गिअर आपोआप पडतो. तिला क्लचचं पेडलच नाही. "आणि भाऊजी, मेंटेनन्स शून्य! गिअरबॉक्सचं तेल लाइफटाइम. कधीच बदलायचं नाही."

लाइफटाइम हा शब्द ऐकला आणि मी ताठ बसलो. विम्याचे हप्ते कापून घेता घेता माझी उमर गेली. 'आजीवन' हा शब्द दिसला की खालची बारीक अक्षरं वाचायची, हे मला पाठ आहे. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन? तेलाचं, गाडीचं, माझं, की वॉरंटीचं? उष्णतेने तेल थकतं, धातूची झीज त्यात मिसळत जाते. हे जसं पद्मिनीत होतं तसं पाच पट महाग गाडीतही होतं. तेल बदलायला सांगितलंच नाही म्हणजे ते खराब होत नाही असं नव्हे. खातेदाराने पासबुक भरून घेतलं नाही म्हणून व्याज थांबतं का?

संक्रांतीच्या सुमाराला फोन आला. बहिणीला नव्हे, थेट मला. मेव्हण्याच्या गाडीचा तो आपोआप पडणारा गिअर आपोआप पडायचा बंद झाला होता. सिग्नलला गाडी थरथरायची आणि एकदा तर पुलावरच उभी राहिली. गिअरबॉक्सचा जो मेंदू असतो तो आख्खाच बदलावा लागेल असं त्याला सांगण्यात आलं होतं. आकडा सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला. वॉरंटी संपून तीन महिने झाले होते.

"दुरुस्त नाही होत का?" मी विचारलं.

"ते म्हणतात, हा भाग उघडत नाहीत. बदलतात."

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, पाच-सात सेकंद झालाही. पण मग वाईट वाटलं. त्याने पैसे मोजून गाडी घेतली होती, हप्ते भरत होता, आणि तरीही तिचं एक झाकण उघडण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता. आपल्या वस्तूचे आपण मालक नसून नुसते खातेदार आहोत, हे माणसाला कळतं तेव्हा त्याचा आवाज असाच खाली जातो. काउंटरच्या या बाजूने मी तो आवाज रोज ऐकतो.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, नाहीतर हा लेख म्हणजे निव्वळ घरगुती भांडण होईल. जुन्या गाडीत एअरबॅग नाही. ब्रेक आजच्यासारखे नाहीत. कार्ब्युरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, यात वाद नाही. रोज मुंबईत रस्त्यावर पळणारी टॅक्सी वीस वर्षांनी थांबवली, तर ती टॅक्सीवाल्याच्या फुप्फुसावरही दयाच आहे. ज्याची जुनी गाडी धूर ओकते आणि जो पीयूसीचा कागद 'कुठूनतरी' आणतो, त्याची वकिली मी करत नाही. त्याने खुशाल माझ्याशी बोलू नये.

पण मग कसोटी कोणती, जन्मतारीख की तपासणी? गंमत अशी की कायदा माझ्याच बाजूचा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून मुदत वाढवून मिळते. २०२१ साली स्क्रॅपचं धोरण आलं, तेव्हाही खासगी गाडीचं वय झालं म्हणून मोडा असं ते म्हणालं नाही. तपासणीत नापास झाली तर मोडा, असं म्हणालं. फी मात्र वाढवली. एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची ५,००० झाली, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,०००. माझी पुढची पाळी २०२९ ला. भरीन. कुरकुरत भरीन, पण भरीन. सरकार मला म्हणतं, "पास होऊन दाखव." मेव्हणा म्हणतो, "परीक्षेलाच बसू नको."

आणि आमच्या बँकेकडे पाहा. फाटकी नोट घेऊन कुणी आलं तर आम्ही तिचं वय विचारत नाही. पाचशेच्या नव्या नोटेचं क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. सलग तुकडा ८० चौरस सेंटिमीटरचा शिल्लक असेल तर पूर्ण पाचशे, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर अडीचशे, आणि त्याखाली असेल तर नमस्कार. असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काय गेलं ते नव्हे, काय उरलं ते मोजायचं. कागदाच्या तुकड्याला जो न्याय मिळतो, तो लोखंडाच्या गाडीला मिळू नये का?

हा न्याय माझ्या उपयोगी पडला तो दिवस सांगतो आणि थांबतो. २०१६ च्या जुलैतली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला वडिलांच्या छातीत दुखू लागलं. बाहेर पाऊस. त्यांना मागे झोपवलं, आई उशाशी, आणि सेवाग्रामच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो. हिंगणघाट मागे टाकलं आणि वर्ध्याच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूला काळोख आणि पऱ्हाटी, दांडा एकदम हातात सैल झाला. खाली सांध्याची पिन निसटून पडली होती. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बंद.

मी घाबरलो. मागून वडिलांचा आवाज आला. तशा स्थितीतही मास्तरांचाच आवाज: "बॉनेट उघड. स्टिअरिंगच्या खाली पाहा. दांडी लोंबत असेल. घाबरू नको, डब्याला काही झालेलं नाही." टॉर्च दातात धरली. दांडी लोंबतच होती. शेताच्या कुंपणाची तार पक्कडीने तोडली, पिनेच्या भोकातून दोनदा ओवली आणि पिळली. बोटं रक्ताळली. गिअर पडला. पहाटे तीनच्या आत दवाखान्यात होतो. वडील त्यानंतर चार वर्षं जगले.

ती तार अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिची पुस्तकी किंमत शून्य, आणि ती घसाऱ्याने कमीही होत नाही.

मी असं म्हणत नाही की नवी गाडी असती तर वाट लागली असती. नवी गाडी बहुधा बंदच पडली नसती, हे मेव्हण्याने आधीच सांगितलं आहे आणि ते बरोबर आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. वस्तू कधी ना कधी बंद पडतेच. तेव्हा आडरानात, पावसात, रात्री दीडला, जी वस्तू तुम्हाला आत डोकावू देते ती तुमची. जी देत नाही, ती तुम्ही भाड्याने घेतलेली आहे, कागदावर नाव कुणाचंही असो. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक पोर्टल सुरू केलं. हक्क हा शब्द तिथे आला याचा मला आनंद आहे. पण हक्क बजावायला उस्ताद लागतो, आणि उस्ताद पोर्टलवर तयार होत नाही.

ज्या जिल्ह्यात गांधीजी येऊन राहिले आणि जिथे मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची अवजारं अजून पाहायला मिळतात, त्या जिल्ह्यात हे सांगावं लागतं याचंच नवल. जमनालाल बजाजांनी एका फोर्ड मोटारीला बैल जुंपले आणि लोक त्या वाहनाला 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी गोष्ट आमच्या वर्ध्याकडे सांगतात. इंजिनाशिवाय गाडी चालवून दाखवणारा हा जिल्हा. तो चार बुशांसाठी गाडी मोडीत काढणार?

मागच्या आठवड्यात तेल पाहायला उस्तादांकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा हैदराबादला एका मोबाइलच्या दुकानात आहे. शेडमध्ये आता ते एकटेच असतात. मी विचारलं, "उस्ताद, तुमच्यामागे हे कोण करणार?"

ते गाडीखालूनच बोलले. "कोनी आलं तं शिकवीन. कोनी येतच नाही. सगळ्याइले बदलाचंच काम पाह्यजे, उघडाचं नाही."

मग जरा वेळाने म्हणाले, "तुमाले रविवारी सुट्टी राह्यते ना?"

गेल्या रविवारपासून मी जातो. वय शेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम. पहिल्या दिवशी मला फक्त बूच घट्ट करू दिला. तोही मी उलटा फिरवला. घरी आलो तेव्हा शर्टाला नव्वद नंबरचं तेल लागलेलं. मुख्य कार्यालयाने शर्ट दोन बोटांत धरून विचारलं, "अहो, हा आता फेकायचाच ना?"

मी म्हटलं, "आधी धुऊन तर पाहा!"